बाळबोली (मराठी)

बोलू लागलेल्या मुलाशी मोठी माणसे वापरतात ते मराठीचे खास रूप. मुलाचे स्वतःचे बोलणे याहून वेगळे (→ भाषासंपादन).

मूल शब्दार्थ कसे शिकते, याचा विचार मीमांसकांनी केला होता : ‘गाय आण’, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ म्हटल्यावर काय घडते ते पाहत मूल एकेक शब्द सुटा करते (→ वृद्धव्यवहार). मराठी बाळबोलीचे आधुनिक वर्णन भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी १९६४ मध्ये केले. त्याच वर्षी अमेरिकी भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी बाळबोलीच्या तुलनेला घेतलेल्या सहा भाषांतही मराठी होती.

शब्द बहुधा द्विरुक्त : मम्मम्, पापा, भूभू, गाईगाई. प्राण्यांची नावे आवाजावरून : चिऊ, काऊ, माऊ, हम्मा. ‘र’चा ‘ल’ मोठेही हौसेने करतात. अर्थ मात्र ऐसपैस. ‘बाऊ’ म्हणजे खरचटलेला गुडघा आणि अंधारातला बागुलबुवाही. ‘बाऊ करणे’ या वाक्प्रचारातून तो प्रौढांच्या भाषेतही वावरतो.

बाळबोली असो की मोठ्यांचे आपसातले बोलणे, घरात कानावर पडते तेच मुलाचे व्याकरण होते. कोल्हापुरात, मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठांत, बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मुलगीही तसेच बोलू लागते. ‘मी आले’ तिला पुढे पाठ्यपुस्तकात भेटते. ‘ती आली’ ती बिनचूक म्हणते. लिंगभेद गळतो तो केवळ ‘मी’पाशी. पुणेरी कानाला ही चूक वाटते, पण हा बोलीचा नियम आहे (→ कोल्हापुरी बोली).