फणा हा नागाचा इशारा

मण्यार, घोणस व फुरसे यांच्यासह नागाची गणना भारतातील चार प्रमुख विषारी सर्पांमध्ये होते. उंदरांच्या मागावर तो घरापर्यंत येतो. डिवचला गेल्यास मानेच्या बरगड्या पसरून फणा उभारतो व फुत्कारतो. हा हल्ला नसून इशारा असतो. अशा वेळी सावकाश मागे सरकावे.

नागाचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडून मृत्यू ओढवू शकतो. जखम कापणे, विष चोखणे वा मांत्रिकाकडे जाणे घातक ठरते. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष हाच त्यावरील खरा उतारा आहे. श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वसनाचीही गरज भासते.