पीडी-१ संकेतमार्ग

पीडी-१ संकेतमार्ग हा प्रतिकारशक्तीला आवर घालणारा, पेशींमधील संदेशवहनाचा एक मार्ग आहे. पीडी-१ हे प्रथिन टी-पेशींच्या पृष्ठभागावर असते. दुसऱ्या पेशीवरील पीडी-एल१ हे प्रथिन त्याला जोडले गेले की टी-पेशीचा हल्ला मंदावतो व निरोगी ऊतींचे रक्षण होते. अनेक कर्कपेशी पीडी-एल१ मोठ्या प्रमाणात निर्माण करून याच मार्गाने स्वतःचा बचाव करतात. पीडी-१चा शोध तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. होंजो २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

निव्होलुमॅब हे प्रतिपिंड पीडी-१ला चिकटून हा मार्ग अडवते. परंतु ते अतिशय महाग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अल्प मात्रेची चाचणी घेतली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व पेशीवाढीचा ईजीएफआर संदेश रोखणारे एर्लोटिनिब यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले गेले. त्यामुळे वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांऐवजी ४३.४ टक्के आढळले. तरीही हा उपाय सर्वांना लागू पडत नाही. पीडी-१ अडवल्यावर काही अर्बुदे टिम-३, लॅग-३ यांसारख्या अन्य अवरोधक मार्गांचा आधार घेतात.