ऑटिझम आणि स्टेम सेल उपचार : पैसे भरण्याआधी हे वाचा

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा साथीचा किंवा संसर्गाचा रोग नव्हे. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने झाल्याने बोलणे, मिसळणे, आवाज-स्पर्श सहन करणे यात फरक पडतो. तो नजर लागून होत नाही, अम्मीच्या चुकीनेही नाही. म्हणून ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारा भेटला की आधी थांबा.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. आपल्याकडच्या काही खासगी दवाखान्यांत मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात आणि त्यातल्या पेशी सुईने पाठीच्या कण्यातील द्रवात सोडतात. डोकेदुखी, ताप, उलट्या, जंतुसंसर्ग, क्वचित झटके हे त्यातले धोके.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१७ मध्ये २५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नाळेचे रक्त देणे सुरक्षित वाटले, मुलांत सुधारणाही दिसली. जाहिरातींत एवढेच असते! पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. २०२० मध्ये त्याच विद्यापीठाच्या १८० मुलांच्या चाचणीचा निकाल आला. काहींना नाळेचे रक्त, काहींना नुसते द्रावण. कोणाला काय मिळाले हे पालकांपासून लपवलेले. सहा महिन्यांनी सामाजिक संवादात ठोस फरक निघाला नाही. मूल वाढत असते, स्पीच थेरपी चालू असते. नवा शब्द ऐकला की श्रेय इंजेक्शनला जाते. यात आई-बापांना दोष कसा द्यावा?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानेही ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही, असे सांगितले. खरी चाचणी सीटीआरआयवर नोंदलेली असते आणि तिच्यात पालकांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. लाखांचे बिल पुढे आले, तर ती चाचणी नव्हे.

इलाज करणे सुन्नत आहे, हे आम्हीही मानतो. पण दागिने मोडून, मोहल्ल्यातून जकात-इमदाद जमवून हा पैसा कुठे जातो, हे देणाऱ्यानेही विचारावे. तोच पैसा स्पीच व ऑक्युपेशनल थेरपीला, खास शिक्षिकेच्या फीला वर्षानुवर्षे पुरू शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो.