बालपरवेशी आणि आयुष्याचा विमा

पेशवाईंतील फौजेचे कागद चाळणाऱ्यांस ‘बालपरवेशी’ हा शब्द नवा नाहीं. स्वारींत शिपाई कामास आला म्हणजे त्याच्या लहान मुलांच्या पोषणासाठीं सरकारांतून जी नेमणूक चाले, तिचें हें नांव. ‘परवरिश’ या फारशी शब्दाचें तें मराठी वळण होय. या नेमणुकीविषयीं आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक राज्यकर्त्यांच्या औदार्याचा दाखला म्हणून. तें औदार्य आम्हांस मान्यच आहे. परंतु त्याच कागदांकडे मागें राहिलेल्या मुलांच्या बाजूनें पाहिलें, तर निराळा विचार सुचतो.

या वहिवाटीचें मूळ शिवकालांत सांपडतें. अफझलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे इ. स. १६५९ मध्यें, महाराजांनीं काय केलें तें सभासद नमूद करतो. जे कामास आले त्यांच्या मुलांस चालविलें. ज्यांस मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. जखमी झालेल्यांस जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशें होन दिले. जखमेच्या मानानें रक्कम ठरविण्याची ही रीत पाहून आजच्या विमा कंपनीच्या कोष्टकाची आठवण होते. पण साम्य येथेंच संपतें. शिपायानें हप्ता भरलेला नव्हता, आणि कांहीं मागण्याचा हक्क त्याच्याजवळ नव्हता. दिलें तें धन्यानें आपण होऊन दिलें. धनी तसा होता म्हणून दिलें.

धनी बदलला म्हणजे काय होतें, हें १८१८ नंतरचे कागद सांगतात. इंग्रजी अमलांतील मुलुखांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें आणि पिढ्यान् पिढ्या खाल्लेल्या जमिनींचा हक्क सिद्ध करण्याची पाळी वंशजांवर आली. ज्यांनीं सनदा जपल्या त्यांचें कांहीं राहिलें. आपल्या संग्राहक वाचकांच्या हातीं येणाऱ्या रुमालांत याच धडपडीचे कितीतरी कागद असतात.

आतां बीड जिल्ह्याकडे वळूं. गेवराई तालुक्यांत गोदेच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, निजामअल्लीच्या फौजेचा पराभव होऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. हत्तीवर बसून हुकूम देणाराही अशा दिवशीं शिपायाइतकाच उघडा असतो. या लढाईचें यश ज्यास मिळालें, तो माधवराव पेशवा त्या वेळीं अवघा अठरा वर्षांचा होता. पुढें राजयक्ष्म्यानें त्यास गांठलें आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, सत्ताविसाव्या वर्षीं, थेऊर येथें त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवसांत लिहविलेल्या यादींत कर्ज फेडण्याची चिंता त्यास सोडीत नाहीं. पेशव्यास विमा हवा होता, असें म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाहीं. परंतु कल्पना करावी. राक्षसभुवनच्या मैदानावरील त्या अठरा वर्षांच्या तरुणास कोणतीही कंपनी आनंदानें पत्करती. थेऊरच्या वाड्यांतील त्याच पुरुषास मात्र कितीही हप्ता देऊं केला तरी एकही पत्करती ना. मध्यें नऊच वर्षें गेलीं होतीं.

यामागील गणित साधें आहे. ब्रेस्लौ शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून हॅलेनें १६९३ मध्यें मृत्यूचें कोष्टक केलें, आणि १७६२ मध्यें लंडनच्या इक्विटेबल सोसायटीनें वयाप्रमाणें ठरविलेला पण पुढें न वाढणारा हप्ता घेण्यास आरंभ केला. तरुणपणीं जोखमीपेक्षां थोडें अधिक घ्यावयाचें, तें सांठवावयाचें, आणि उतारवयांतील तूट त्यांतून भागवावयाची. म्हणून पंचविशींत ठरलेला दर पन्नाशींतही तोच राहतो. चाळिशींत मधुमेह किंवा रक्तदाब जडला तरी पूर्वीं झालेला करार मोडत नाहीं.

आपल्याकडे मालाची जोखीम पत्करणें जुनेंच. हुंडेभाड्यांत जकात, वाहतूक आणि जोखीम एकाच ठरावांत येई. माणसाच्या आयुष्याचा विमा मात्र इंग्रजांबरोबर आला, आणि इंग्रज कंपन्या देशी माणसाकडून जादा हप्ता घेत. हा भेद मोडला तो १८७१ मध्यें मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनें. १८७४ मध्यें ओरिएंटल, आणि १९१३ मध्यें साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांची वेस्टर्न इंडिया, अशी ही परंपरा चालली. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें आणि दोनच महिन्यांनीं हा जिल्हा मुंबई राज्यांत आला.

बालपरवेशीचा प्रश्न तेवढ्यानें मिटला असें नाहीं. परळी तालुक्यांतील नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे २०१४ मध्यें दिल्लींत मोटार अपघातानें वारले. त्यांच्या नांवें महाराष्ट्र सरकारनें शेतकऱ्यांसाठीं अपघात विमा चालविला. २०२३ मध्यें त्या योजनेंतून ‘विमा’ शब्द जाऊन ‘सानुग्रह अनुदान’ हा शब्द आला. अपघाती मृत्यूस दोन लक्ष रुपये मिळतात, आणि तें योग्यच आहे. पण ‘सानुग्रह’ हा शब्द जुनीं दफ्तरें वाचणाऱ्यास थबकवितो. तो बालपरवेशीचाच सख्खा भाऊ नव्हे काय? शिवाय राजयक्ष्मा हा अपघात नव्हे. नोकरदारांचा कारखान्यानें किंवा कचेरीनें उतरविलेला सामुदायिक विमाही याच कुळांतला. चाकरी सुटली कीं तो बहुधा सुटतो, आणि तोंवर वय वाढलेलें असतें. बँकेमार्फत वर्षास ४३६ रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री जीवनज्योति विमा स्वतःचा खरा, पण तो पन्नाशीनंतर नव्यानें घेतां येत नाहीं व पंचावन्नाव्या वर्षीं संपतो.

बीडच्या ऊसतोडणीच्या कुटुंबांत कर्त्या पुरुषाची उचल आधीं घेतलेली असते. तो गेला तर देणें मागें राहतें. यासंबंधीं १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा फारसा कोणास ठाऊक नसतो. त्याच्या सहाव्या कलमान्वये बायकामुलांच्या लाभासाठीं म्हणून जो विमा पुरुषानें स्वतःवर उतरविला असेल, त्याच्या रकमेवर सावकाराचा हात पोंचत नाहीं. मात्र हा हेतु पॉलिसीवर स्पष्ट लिहिलेला असावा लागतो, आणि तो ती घेतांनाच लिहवून घ्यावा.