बंद पडलेली डिस्क, कुलाब्याच्या वह्या आणि अलिबागची वेधशाळा

लॅपटॉप बंद पडला की त्यातील माहितीही गेली, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक बहुतेक वेळा निकामी होतो तो मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याचा भाग. हार्ड डिस्कच्या तबकडीवरील चुंबकीय खुणा जागच्या जागी असतात. त्या वाचणारे यंत्र तेवढे उरलेले नसते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ डिस्क बाहेर काढतो, दुसऱ्या संगणकाला जोडतो, तिच्यावर एक अक्षरही न लिहिता आधी तिची हुबेहूब प्रत घेतो आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर करतो.

ही रीत इतिहासाच्या अभ्यासकाला परकी नाही. मोडी लिपीतील दफ्तरापुढे बसणारा माणूस दुसरे काय करतो? कागद शाबूत असतो, वाचणारा हरवलेला असतो. मात्र महाराष्ट्रात अशा ‘डेटा रिकव्हरी’चे सर्वांत विलक्षण उदाहरण पेशवे दफ्तरातले नाही. ते मुंबईच्या कुलाब्यात सुरू होते आणि अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचते. तेथेही माहिती चुंबकाचीच होती. केवळ डिस्कच्या जागी कागद होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली. हेतू व्यवहारी होता: बंदरातील जहाजांना अचूक वेळ आणि ताऱ्यांचे वेध हवे होते. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. त्या काळी गाऊस, वेबर आणि हम्बोल्ट यांच्या पुढाकाराने जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे विणले जात होते. कुलाबा त्यातील एक गाठ. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार हे काम पाहत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ वेधशाळेचा कारभार सांभाळला. ऑर्लिबारांच्या हाताखाली निरीक्षणे शिकलेला एक तरुण होता केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. त्यांचे जन्मगाव नागाव, अलिबागपासून हाकेच्या अंतरावर. या वेधशाळेचे अलिबागशी नाते असे साठ वर्षे आधीच जुळले होते.

निरीक्षणाची पद्धत साधी, पण कष्टाची होती. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला असे. त्या आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा काही अंतरावरून दुर्बिणीने वाचायचा आणि वहीत उतरवायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. सुई अस्वस्थ दिसली तर दर पंधरा मिनिटांनी, आणि फारच अस्वस्थ दिसली तर दर पाच मिनिटांनी.

आता १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या समूहावर अचानक लखलखीत प्रकाश दिसला. तो काही मिनिटांतच विझला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्राच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. ध्रुवप्रदेशात दिसणारा ध्रुवप्रकाश पार कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला.

युरोपातील प्रगत वेधशाळांत तोवर छायाचित्रण पद्धतीची स्वयंचलित यंत्रे आली होती. चुंबकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर रेघ ओढत जाई. वादळ इतके तीव्र होते की क्यू आणि ग्रिनिच येथे हा ठिपका कागदाबाहेरच निघून गेला. नेमक्या ऐन भराच्या वेळी नोंद तुटली.

मुंबईत असे यंत्र नव्हते, ते १८७२ मध्ये आले. १८५९ मध्ये येथे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस होता. २ सप्टेंबरच्या सकाळी मुंबईत दिवस चांगला वर आला असताना सुई कोसळू लागली, आणि तो आकडे उतरवत राहिला. फिरत्या कागदाला कडा असते. वाचणाऱ्याला मोजपट्टीचा पुढचा आकडा वाचता येतो. ‘मागासलेल्या’ पद्धतीने प्रगत पद्धतीवर मात केल्याचा असा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. त्या वर्षीची निरीक्षणे भारतीय नौदलातील फर्ग्युसन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. आकडे वाचणारे डोळे मात्र बव्हंशी मदतनिसांचे असत.

पुढे संकट आले ते ट्रामचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परततो आणि त्यातील काही जमिनीत झिरपतो. संवेदनशील चुंबकाला तेवढा गोंधळ पुरे. टोरोंटोच्या वेधशाळेला याच कारणाने १८९८ मध्ये शहर सोडावे लागले होते, आणि क्यूचे कामही पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूरला न्यावे लागले. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला. सुमारे साठ वर्षांची अखंड मालिका तुटू द्यायची की वेधशाळा हलवायची?

त्यांनी अलिबाग निवडले: मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर, खाडीपलीकडे, ट्रामच्या आवाक्याबाहेर. नव्या इमारतीसाठी अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरला गेला आणि लोखंड कटाक्षाने टाळले गेले. गंमत अशी की वेधशाळा एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यात आली. अलिबागचा समुद्रातील किल्लाही कुलाबाच, आणि १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. मुंबईकर ज्या गावाच्या नावाने भोळेपणाची थट्टा करतात, त्याच गावाने मुंबईचे सर्वांत नाजूक काम वाचवले.

मूस यांचा खरा शहाणपणा पुढच्या पावलात दिसतो. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद झाले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलली की चुंबकीय क्षेत्राचे मूल्य बदलते; दोन्हीकडील एकाच क्षणाचे आकडे हाती असले तरच जुनी आणि नवी मालिका जोडता येते. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर सांधा पक्का झाला होता. १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचा विस्तृत ग्रंथ मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या भाषेत त्याला ‘बॅकअप’ म्हणता येईल. फरक इतकाच की त्याच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांत गेल्या.

१९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि अलिबागची वेधशाळा व जुना संग्रह तिच्याकडे आला. १८५९ चे आकडे या संग्रहात होते, पण जुन्या मोजपट्टीच्या भाषेत. ते नॅनोटेस्लात आणायचे तर मोजपट्टीच्या एका भागाचे मूल्य माहीत हवे, आणि तापमानाने चुंबकावर होणारा परिणाम वजा करता यायला हवा. डिस्कची फाइल-रचना कळल्याशिवाय तबकडीवरच्या खुणांना अर्थ येत नाही, तसेच हे. कुलाब्याच्या लोकांनी आकड्यांबरोबर हा तपशीलही जपला होता, म्हणून पुढचे काम शक्य झाले.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्षसिंग लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी या नोंदींवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुलाब्याच्या क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण झाली होती, म्हणजे मूळ क्षेत्राच्या जवळपास चार टक्के. तुलनेसाठी १९८९ चे वादळ घ्यावे. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांची वीज ज्या वादळाने नऊ तास घालवली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता.

या आकड्यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तासाची सरासरी काढली तर घसरण बरीच कमी भरते. ती तीक्ष्ण दरी पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाची की वातावरणाच्या वरच्या थरांतील प्रवाहांची, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या त्या नोंदी नसत्या तर वादालाही विषय उरला नसता. वीजजाळी आणि उपग्रह यांना सर्वांत वाईट वादळ किती मोठे असू शकेल, याचा अंदाज बांधताना आज याच नोंदीकडे वळावे लागते.

२०२२ मध्ये अभ्यासक पुन्हा कुलाब्याच्या त्याच वार्षिकांकडे वळले. या वेळी केवळ एक घटक नव्हे, तर चुंबकीय क्षेत्राचे तिन्ही घटक त्या छापील पानांतून काढून मांडण्यात आले.