वंशावळीत न लिहिलेली नोंद

मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी खोळंबा सोसला आहे, त्यांना तिथल्या गप्पाही आठवत असतील. फाटक पडले की ओळखीचे कुणीतरी भेटायचेच. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, आम्ही निवृत्त मंडळी सगळ्यांवर मोकळेपणाने बोलत असू. लघवीच्या त्रासाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

हे मौन किती महाग पडते, ते दादाच्या आजारपणात कळले. अडुसष्टाव्या वर्षी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, "वडिलांना असे काही होते का?" आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बाबा १९७९ मध्ये गेले. शेवटी शेवटी ते रात्री चार-चारदा उठत आणि त्यांची कंबर फार दुखे, एवढेच आठवते. घरात त्याला 'म्हातारपण' म्हटले गेले. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या खापरपणजोबांचे नाव सापडते. बाबांच्या आजाराचे नाव कुठेच नाही.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १८५३ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसह या कर्करोगाची नोंद केली, तेव्हा त्यांनी तो अतिशय दुर्मीळ ठरवला होता. त्या काळी फार थोडे पुरुष म्हातारे होत आणि जे होत, त्यांच्या आजाराची नीट तपासणी होत नसे. आपल्याकडे तर स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. या रोगाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे वाढते वय. पन्नाशीपूर्वी तो क्वचित होतो आणि पुढे दर दशकाला त्याचे प्रमाण वाढत जाते.

भारतात कर्करोगाची कारणे शोधण्याचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तिथे काम करताना त्यांनी लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध तपासला. धोतर कमरेला घट्ट आवळून होणाऱ्या कर्करोगावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिले. पुढे १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८० मध्ये ती नागपुरात आली. तोंडाच्या कर्करोगाचे कारण नागपूरकराला सांगावे लागत नाही. खर्ऱ्याची पुडी समोरच असते. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र बोट दाखवावे अशी एकही सवय हाती लागली नाही.

मग धागा सापडला तो घराण्यात. अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्मन पंथाचे लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जपून ठेवतात. तिथे वुल्फ या संशोधकाने १९६० मध्ये दाखवले, की या रोगाने दगावलेल्या पुरुषांच्या वडील-भावांमध्ये तो इतरांच्या सुमारे तिप्पट आढळतो. पुढच्या अभ्यासांतून आकडा साधारण दुपटीवर स्थिरावला. वडील किंवा भाऊ कमी वयात आजारी पडला असेल, किंवा घरात दोन-तीन रुग्ण असतील, तर धोका आणखी वाढतो. आईकडचे घराणेही यात येते. स्तनांच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी जोडलेला बीआरसीए-२ या जनुकातील दोष पुरुषांत हा रोग आणू शकतो. म्हणून मावशीचा आजारही सांगावा. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत प्रमाण जास्त आहे. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळे रोग गंभीर रूप घेण्याची शक्यता वाढते.

एक जुनी भीतीही दूर करायला हवी. पुरुष नसबंदीमुळे हा कर्करोग होतो, अशी शंका १९९३ मधील एका अमेरिकी अभ्यासाने उभी केली होती. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत असा संबंध अगदी क्षीण किंवा नसल्यासारखाच आढळला. तसेच, उतारवयात प्रोस्टेट वाढणे म्हणजे कर्करोग नव्हे. उलट सुरुवातीच्या कर्करोगात बहुधा कसलाच त्रास नसतो, म्हणून त्रास नाही यावर विसंबून चालत नाही. पीएसए ही रक्ततपासणी उपयोगी आहे, पण तिचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. ती कुणी, कधी करावी, हे घरचा इतिहास सांगून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

दादाचे उपचार सुरू आहेत. परवा मीही तपासणीला गेलो. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी माझ्याजवळ उत्तर होते, "सख्ख्या भावाला आहे." घरी आल्यावर एका वहीत बाबांविषयी आठवते तेवढे लिहिले, दादाचे वय आणि आजार लिहिला, आणि ती वही मुलाच्या व पुतण्याच्या हाती दिली. दोघे जरा संकोचले. पण वाचली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)