शिक्का, मोर्तब आणि इ-मेल

'शिक्कामोर्तब झाले' असे आपण सहज म्हणतो. पण त्या शब्दामागची व्यवस्था आपण विसरलो आहो. शिवशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब होई. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर घालू नये.

इ-मेलच्या वाहतुकीचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा त्यांत अशी सोय नव्हती. कोणीही कोणाचेही नाव घालून पत्र धाडावे! समजा, आमच्या जालन्यातील एखाद्या बियाणे-विक्रेत्याला कंपनीच्या नावाने पत्र आले, 'आमचे बँकखाते बदलले आहे'. हंगामाचे सारे भांडवल भलत्याच्या घशात जायचे.

पुढे जुनेच शहाणपण नव्या रूपाने परतले. एसपीएफ म्हणजे त्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार असलेल्या यंत्रांची यादी. डीकेआयएम ही पत्रावरील मुद्रा. मजकूर बदलला की ती जुळत नाही. तोतया पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्हींची सक्ती केली.

तरी शिक्का पत्र कोठून आले एवढेच सांगतो, धाडणाऱ्याची नियत सांगत नाही. एका अक्षराने निराळे नाव घेऊन ठगही खरा शिक्का करवून घेतो. म्हणून पैसे धाडण्यापूर्वी पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारून घ्यावे. पिशवीचे लेबल आणि शिवण पाहून बियाणे घेणाऱ्या आम्हां जालनेकरांना हे अवघड वाटू नये.